ताईच्या मापाची फ्रेम

दुकानाच्या दारावर एक पाटी होती: ‘येथे डिस्क ब्रेकची फ्रेम बनवून मिळणार नाही.’ अक्षर ताईचं, आडमुठेपणा मिस्त्रीचा. त्याला सगळे मिस्त्रीच म्हणत, सख्खी थोरली बहीणसुद्धा. बाबांनी सुरू केलेल्या या दुकानात तो पोलादी नळ्या कापून, कानशीने घासून, पितळेने जोडून ज्याच्या-त्याच्या मापाची सायकलची फ्रेम बनवायचा आणि ताई ती रंगवायची. डिस्कचं नाव कुणी काढलं की तो नाक मुरडायचा. “चाकाला ताटली लावून फिरायचंय? मग भांड्यांच्या दुकानात जा.” गिऱ्हाईक हसायचं, ताई हसायची, आणि आपण फार विनोदी आहोत असं मिस्त्रीला वाटायचं.

मग ताईची बोटं आखडली. पेरं सुजली, मूठ आवळेना. ब्रश धरायला जोर लागत नाही, त्यामुळे रंगकाम चालू राहिलं. पण घरून दुकानात येताना एक लांब उतार होता, आणि उताराच्या पायथ्याशी बेकरीची भिंत. एका सकाळी ताईने ब्रेक दाबला, तो दाबला गेलाच नाही. तिला थांबवलं ते भिंतीने. खरचटण्यावर निभावलं खरं, पण त्या दिवसापासून सायकल खिळ्याला टांगली गेली आणि ताई बसने यायला लागली. जिने मागे पळत पळत मिस्त्रीला सायकल शिकवली होती, ती आता पिशवी छातीशी धरून जपून जपून बसमधून उतरायची. ते त्याला बघवत नसे. “बसायला जागा मिळते हो छान,” ती म्हणायची. खोटं बोलणं तिला उभ्या जन्मात जमलं नव्हतं.

तेलावर चालणारा डिस्क ब्रेक एका बोटाने दाबला तरी चाक थांबतं, हे मिस्त्रीला पक्कं ठाऊक होतं. ताटल्यांची एवढी टिंगल करायची तर ताटल्यांची माहितीही तेवढीच लागते. पण तो ताईच्या जुन्या फ्रेमवर बसणारा नव्हता. ब्रेक जिच्यावर बसवतात ती बैठक मागच्या डाव्या नळीवर जोडावी लागते, पुढचं चाक धरणारा चिमटाही जाड लागतो. म्हणजे नवी फ्रेम आली. मिस्त्रीने आपले शब्द गिळले आणि नळ्या कापायला घेतल्या. ताईला मात्र पत्ता लागू दिला नाही. “माझ्यासाठी बाबांच्या दुकानात ताटल्या नकोत,” म्हणून तिने काम बंद पाडलं असतं.

“कुणाची रे ही?” तिने एकदा विचारलंच.

“आहे एक हट्टी गिऱ्हाईक.”

“आणि तू ऐकलंस?”

“माझ्याहून हट्टी आहे.”

बाबांची रीत अशी होती की आधी मोठे जोड भरायचे, मग फ्रेम सरळ करून घ्यायची, आणि बाटली अडकवायचे बोल्ट, केबलच्या कड्या असलं बारीकसारीक अगदी शेवटी लावायचं. ही रीत मिस्त्रीच्या हातात इतकी मुरली होती की ब्रेकची बैठकही त्याने बारीकसारीकातच धरली आणि शेवटी जोडली. जोड मात्र बघत राहावा असा आला. स्वारी स्वतःवरच खूश होऊन फ्रेम ताईच्या टेबलावर ठेवून आली.

दोऱ्याने तपासल्याशिवाय ताई कुठल्याही फ्रेमला रंग लावत नसे. त्यातून बाबाही सुटले नव्हते. मागचं चाक बसतं त्या दोन टोकांपैकी एकाला दोरा बांधायचा, पुढे हँडलखालच्या नळीला वळसा घालून मागच्या दुसऱ्या टोकाला आणायचा, आणि सीटखालच्या नळीपासून तो दोन्हीकडे किती लांब आहे ते पट्टीने बघायचं. सारखं भरलं तर फ्रेम सरळ. ताईने पट्टी उजवीकडे धरली, डावीकडे धरली, पुन्हा उजवीकडे धरली.

“डावं टोक ओढलं गेलंय. रंग नाही.”

“अगं, किंचित आहे.”

“किंचित तिरकी म्हणजे तिरकीच. उचल.”

मिस्त्रीने फ्रेम उचलली. चूक लगेच कळली. बाटलीच्या बोल्टाला ज्योत नुसती दाखवली तरी पुरते. या बैठकीला भरपूर आच लागली होती, तीही एकाच बाजूला. निवताना पोलाद आक्रसलं आणि टोकाला सोबत घेऊन गेलं. त्याने फ्रेम शिकंज्यात धरली आणि दाबून सरळ केली. दोरा बरोबर आला. चाक चढवून फिरवलं, तर ब्रेकची चकती किरकिरायला लागली. टोक जागेवर आलं होतं, पण बैठक तिरकीच राहिली होती. एरवी त्याने खटपट करून भागवलं असतं. पण याच ब्रेकच्या भरवशावर ताई त्या उतारावर जाणार होती.

त्याने स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या, एखादी ताटलीलाही घातली. मग मन घट्ट करून करवत घेतली आणि तो देखणा जोड नळीसकट कापून काढला.

या वेळी त्याने बाबांची रीत उलटी केली. नवी नळी सुटी असतानाच तिच्यावर बैठक जोडली. ती निवेपर्यंत हाताची घडी घालून बसला. जेवढी वाकली तेवढी सरळ केली, आणि मगच फ्रेमला लावली. शेवटचा जोड भरताना पितळ इतकं एकसारखं वाहिलं की बाबांना हाक मारून दाखवावंसं वाटलं. बाबा असते तर आधी कुरकुरले असते, आणि मग कुणाचं लक्ष नाही असं बघून पुन्हा पुन्हा येऊन बघून गेले असते.

ताईने दोरा लावला. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. पट्टी खाली ठेवली आणि सुजलेल्या बोटांनी तो जोड चाचपला.

“पाय आखूड, हात लांब,” ती म्हणाली. “या मापाचं माणूस माझ्या पाहण्यात एकच आहे. मी पहिल्याच दिवशी ओळखलं.”

मिस्त्री उडालाच. “मग परत का पाठवलीस?”

“माझी आहे म्हणून तिरकी घेऊ? या दुकानातून आजवर तिरकी फ्रेम गेली नाही. सुरुवात माझ्यापासून करायची का?”

त्या जोडाचा मिस्त्रीला अभिमान होताच. पण असल्या बाईचा धाकटा भाऊ असल्याचा अभिमान त्याहून मोठा होता, आणि तो त्याच्या डोळ्यांत उतरला. ताईने तो पाहिला आणि रंगाचा डबा शोधायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

फ्रेम गर्द जांभळी झाली. पहिल्या फेरीच्या सकाळी मिस्त्री बेकरीच्या भिंतीपुढे हात पसरून उभा राहिला.

“बाजूला हो!” ताई वरून ओरडली. “गोलकीपर कुणी सांगितला होता?”

तो हलला नाही. ताई निघाली. उतार तिला ओढत होता, ओढणी मागे फडफडत होती, आणि बेकरीवाला हातातला ट्रे तसाच धरून दारात आला होता. मिस्त्रीला डोळे मिटावेसे वाटले. पण आपल्याच कामापुढे डोळे मिटले तर मिस्त्री कसला! त्याने ते ताणून उघडे ठेवले. सायकलचा वेग उतरत गेला, किरकिर नाही की घसरणं नाही, आणि पुढचं चाक त्याच्या चपलांपुढे शांतपणे थांबलं.

ताईने हात वर केला आणि एकच बोट नाचवून दाखवलं. “एवढंच लागलं रे!” ती धापा टाकत हसली, आणि काय होतंय हे मिस्त्रीला कळायच्या आत सायकल वळवून दुकानाच्या रस्त्याला लागलीसुद्धा.

तो मागून चालत आला. छाती अशी फुगली होती की शर्टाची बटणं टिकली हेच नवल. दारात येऊन पाहतो तर पाटीवरचा शेवटचा शब्द गर्द जांभळ्या रंगाखाली गडप झालेला. ‘येथे डिस्क ब्रेकची फ्रेम बनवून मिळणार’, एवढंच उरलं होतं. रंग अजून ओला होता आणि घाईत पाटी किंचित तिरकी लटकली होती. मिस्त्रीने आधी ती सरळ केली, मगच आत गेला.