पाय देवजीचे, नवस शेवंताबाईचा

"मामा, चावी द्या ना आता. का आयेला पन वाट बगायला लावताव?"

धनेशने हात पुढे केला, तरी देवजीच्या मुठीतून टेम्पोची चावी सुटेना. पालखी तळवलीच्या वेशीवर येऊन थांबली होती, बेंजोवाले घामाघूम झाले होते आणि सगळा गाव या मामा-भाच्याकडे बघत होता.

"पयल्या गियरमदी ठेव. क्लच दाबून धरू नको, जळेल. सगल्यात शेवटचा मानूस जो असेल ना, त्याच्या मागं र्‍हायचा. पुढं नाय जायचा."

"मामा, मी कंपनीची बस चालवतो."

"म्हनूनच सांगतो."

चैत्रात तळवलीहून कार्ल्याच्या एकवीरा आईकडे पायी पालखी जाते. पुढे निशाण, मागे पालखी, तिच्यामागे माणसं आणि सगळ्यांच्या मागे देवजीचा टेम्पो. टेम्पोत पाण्याचे जार, गोधड्या, औषधाची पेटी असते. पण त्याचं खरं काम वेगळंच. हमरस्त्यावरचे ट्रक आणि मागे रेंगाळणारी म्हातारी माणसं यांच्यामध्ये काहीतरी आडवं असावं लागतं. ते आडवं म्हणजे देवजी. त्याचा टेम्पो इतका हळू चालतो की एकदा एका गोगलगायीने त्याला ओव्हरटेक केलं आणि वर वळून हात दाखवला, असं गावात सांगतात. मी काही त्या गोगलगायीला विचारायला गेलो नाही.

तर अशी या माणसाची तऱ्हा. आईच्या डोंगरापर्यंत गावात सगळ्यात जास्त वेळा गेलेला हाच, आणि एकदाही चालत न गेलेलाही हाच.

मागे त्याच्या छातीत कळ आली होती. तेव्हा त्याच्या बायकोने, शेवंताबाईने, दवाखान्याच्या पायरीवरच पदर पसरला. "आये, याला घरी धाड. तुज्याकरं चालत येल."

घरी आल्यावर देवजी तिच्यावर उखडला. "नवस बोलायचा तर सोताच्या पायांवर बोलायचा ना गो! माजे पाय काय तुजे?"

"मंग कोनाचे?" ती म्हणाली आणि म्हावऱ्याची पाटी उचलून बाजारात गेली.

पुढच्या चैत्रात जाऊ, असं म्हणता म्हणता चैत्र येत-जात राहिले. टेम्पो कोण चालवणार, हा प्रश्न दर वेळी खराच असायचा. मग एका सकाळी शेवंताबाईच गेली. तळवलीत मानतात की न फेडलेला नवस ज्याच्यासाठी बोलला त्याच्या नाही, जो बोलला त्याच्या डोक्यावर राहतो. जन्मभर पाटी वाहिलेली बाई वर गेली तरी डोक्यावर ओझं आहेच, हे देवजीला सोसेना. म्हणून या वर्षी त्याने चावी दिली. म्हणजे शेवटी एकदाची दिली.

तो अनवाणी चालत होता आणि दर चार पावलांनी मागे बघत होता. त्याची वयनी, कमळी, पालखीच्या दांड्याला हात लावून चालत होती. ती म्हणाली, "भावजी, म्होरं बगा. आये म्होरं हाय. मागं निस्ता टेम्पो हाय."

तुर्भ्याला वेणूबाई येऊन मिळाली. साताऱ्याकडची, मार्केटमधल्या हमालाची बायको. गुडघे सुजलेले, तरी दरसाल यायची. ती पालखीबरोबर निघाली, की हळूहळू मागे पडत आपोआप शेवटची व्हायची.

ऊन चढलं. ट्रकांच्या हॉर्नने धनेशचे कान किटले. त्याने टेम्पो बाजूने काढला आणि पुढे सावलीत नेऊन उभा केला. तेवढ्यात कंटेनर लादलेला एक ट्रेलर वळला. वेणूबाईचा पदर त्याच्या वाऱ्याने उडाला आणि त्यापाठोपाठ ती गटाराच्या कडेला पडली.

देवजी धावत मागे आला. तिचं कोपर सोललं होतं.

"मला काय न्हाई झालं, दादा. गाडीचं वारं लागलं निस्तं. वाईच पानी द्या."

धनेश खाली मान घालून म्हणाला, "मामा, मागून सगले हॉर्न मारीत व्हते. किती वेल ऐकायचा?"

"ऐकायचाच असतो," देवजी म्हणाला.

यापुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नसतं, तर मीच त्याला थाप म्हटलं असतं. देवजीने टेम्पो पुन्हा सगळ्यांच्या मागे आणला, पहिल्या गियरमध्ये टाकला आणि दार उघडून खाली उतरला. डिझेलचं इंजिन आपल्या आपण घुरघुरत पुढे सरकू लागलं आणि देवजी एक हात आत स्टिअरिंगवर ठेवून बाजूने चालू लागला, जसा बैलाचा कासरा धरून शेतकरी चालतो तसा. पोरींनी व्हिडिओ काढले. बेंजोवाल्याने खास चाल वाजवली. जुईनगरच्या पुलापर्यंत हा थाट चालला.

तिथे ट्रॅफिक हवालदाराने हात आडवा केला. "काका, गाडी चालवताय का चालताय?"

"दोनी."

"दोन्हीचं लायसन नसतं. आत बसा."

असं चालणं नवसात धरलं जाईल का, म्हणून देवजीने कमळीकडे पाहिलं. तिच्या तोंडून हो निघालं असतं, तर त्याने हवालदाराशी भांडण काढलं असतं.

कमळीने डोळे पुसले. "भावजी, ती आयेला चालत येल बोललेली. चालवत नाय."

"मामा, मी मागंच ठेवतो, आयेशप्पत," धनेश म्हणाला.

"तू ठेवशील रं. पन मी म्होरं बगून चालनार नाय."

पलीकडे वेणूबाई कोपराला फडकं गुंडाळत होती आणि पालखी तिच्यापासून दूर चालली होती. देवजी टेम्पोत चढला. आधी एक पाय आत घेतला, मग दुसरा.

ऊन कललं तेव्हा पालखी पनवेलला पोचली. मुक्कामाच्या गावच्या बायका परातीत पाणी घेऊन दारात उभ्या होत्या. चालत आलेल्या प्रत्येकाचे पाय धुऊन त्यावर हळदकुंकू लावायचं, अशी तिथली रीत. वेणूबाईचे पाय धुतले. एक बाई टेम्पोशी आली, तेव्हा देवजीने पाय वर घेतले.

"माजे नको, बाय. मी बसून आलो."

मग त्याने चावी धनेशला दिली आणि तुर्भ्याकडे जाणारी बस कुठे मिळेल ते विचारलं.

"आता तिकरं कशाला?" कमळीने विचारलं.

"जुईनगरच्या पुलाखाली चढलो ना मी. तिथून यायचा र्‍हायलाय."

"आनि उद्या? उद्या पन टेम्पो तुमीच चालवनार."

"उद्या पन संद्याकाल व्हईल ना, वयनी."

"मामा, थांबा," धनेश म्हणाला, "मी टेम्पो घेऊन तुमच्या मागं येतो."

"टेम्पोत मानसांच्या गोधड्या हायेत. तू हितंच थांब."

बस त्याला पुलाखाली सोडून गेली. दिवे नुकतेच लागले होते. देवजीने तोंड कार्ल्याच्या दिशेला केलं, खाली वाकून डांबराला हात लावला आणि तो कपाळाला लावला. मग निघाला. मागून एक हॉर्न वाजला. वळून न बघता तो रस्त्याच्या कडेला सरकला, ट्रक जाऊ दिला आणि चालत राहिला.