खपलीतले पाच हात

मी एक जुनी खपली आहे. जखमेवरची नव्हे, रंगाची. मोहरीच्या दाण्याहूनही लहान. तेव्हा मित्रांनो, मला पाहायला भिंग लागेल. पण म्हणून मला कमी लेखू नका. सोनेरी चौकटीत मिरवणाऱ्या चित्रांनी पाहिलं नसेल एवढं मी पाहिलं आहे.

माझा जन्म एका चित्रकाराच्या खोलीत झाला. तिथे जवसाच्या तेलाचा वास असे आणि खुर्च्यांवर इतका पसारा, की पाहुण्याने बसावं कुठे हा प्रश्नच. त्याने बायकोला खिडकीशी बसवलं, तिच्या मागे तरुण लेकीला उभं केलं आणि दोघींचं चित्र काढलं. लेकीचे केस काळेभोर, कानावर एक बट सुटलेली. त्या बटेचा काळा रंग म्हणजे मी. पोरगी आता बोलेल, असं येणारे-जाणारे म्हणत आणि मी फुलून जात असे. ते दिवस आठवले की आजही बरं वाटतं.

पोरगी बोललीच, पण भलतंच. तिने आपल्या पसंतीने लग्न ठरवलं. बापाने नाही म्हटलं, शब्दाने शब्द वाढला आणि ती घर सोडून गेली. खाण तशी माती. दोघांपैकी एकानेही माघार घेतली नाही. बिचाऱ्या आईने दोघांपुढे हात टेकले.

लेक परतली ती आईबाप दोघेही गेल्यावर. चित्रात आई होती, पण तिच्या मागे, लेकीच्या जागी, तपकिरी पडदा रंगवलेला होता. बाबांनी आपल्याला पुसून टाकलं, असं तिने मनाशी धरलं. चित्र तिने नेलं खरं, पण माळ्यावर टाकलं. तिथे आम्ही वर्षानुवर्षं धूळ खात पडलो.

म्हातारपणी तिने ते जुनी चित्रं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आणलं. डोळे मिटण्याआधी पडदा खरवडून खालची मुलगी एकदा पाहायची, एवढीच तिची इच्छा. तिथल्या ताईंच्या कपाळावर सदा भिंग चढवलेलं असे, म्हणून सगळे त्यांना भिंगताई म्हणत. क्ष-किरणांत चेहरा धूसर आला, एकावर एक चेहरे छापल्यासारखा. आधी पाहू, मग खरवडू, असं भिंगताईंनी ठरवलं. त्यांनी बारीक पात्याने पडद्याच्या तड्यातून मला उचललं, पारदर्शक राळेत बसवलं, घासून गुळगुळीत केलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. कांदा कापल्यावर पदर दिसावेत तसे माझ्यातले थर दिसू लागले.

"मावशी, इथे रंगाचे पाच हात आहेत," भिंगताई म्हणाल्या. "सगळ्यात खाली काळा. मग पुन्हा काळा. मग काळ्यात पांढरी रेघ. मग करडा. वर पडदा. आणि दर दोन हातांच्या मध्ये धुळीची रेघ आहे, म्हणजे मध्ये बरीच वर्षं गेलीत."

मावशींनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "घर सोडलं तेव्हा माझा एकही केस पिकला नव्हता," त्या म्हणाल्या. "मग हा करडा कुठून आला?"

तो कुठून आला ते मला ठाऊक होतं. दर काही वर्षांनी तो चित्रकार कुंचला घेऊन आमच्यापुढे उभा राही. आता चाळिशीची झाली असेल, असं पुटपुटत तो न पाहिलेल्या लेकीचं वय वाढवत जाई. शेवटी नजर अधू झाली, चेहरा जमेना, तेव्हा त्याने पडदा ओढला. चुकीचा चेहरा ठेवण्यापेक्षा ती पडद्यामागे बरी, असं तो म्हणाला होता. मला फार वाईट वाटलं होतं त्या दिवशी. भिंगताईंनी एकेक थर पुन्हा दाखवला, तेव्हा बाबा आपलं वाढतं वय रंगवत होते, हे मावशींनाही उमगलं.

सगळ्यात खालच्या मुलीपर्यंत जायचं तर वरचे सगळे चेहरे खरवडावे लागतील, असं भिंगताईंनी समजावलं आणि विचारलं, काय करायचं?

"त्या तरुण पोरीला मी ओळखते," मावशी म्हणाल्या. "वरच्या सगळ्या बाबांच्या लेकी आहेत. एकीलाही धक्का लावू नका."

चित्र त्यांच्याबरोबर गेलं. मी इथे खणात राहिले. मित्रांनो, तुमच्या घरात कुणी अबोला धरला असेल, तर त्यामागे रागच आहे असं धरून बसू नका. जाऊन विचारा. मावशींना उत्तर माझ्याकडून मिळालं. ते त्यांना बापाच्या तोंडून मिळायला हवं होतं.