नकाशाला पूल दिसत नाही

आमची कंपनी किलोमीटरवर पैसे देते. ट्रकच्या मीटरवरच्या नव्हे, ऑफिसातल्या संगणकाच्या. संगणक कारखान्यापासून गोदामापर्यंतचा जवळात जवळचा रस्ता काढतो, जाऊन-येऊन दोनशे साठ. त्या रस्त्यावर रेल्वेचा बुटका पूल आहे. माझा ट्रक त्याच्याखालून जात नाही. मी वळसा घालतो आणि मीटर तीनशे छत्तीस दाखवतो. वरचे शहात्तर किलोमीटर मी धर्मादाय चालवतो.

हिशेबाच्या कारकुनाला आम्ही सगळे ड्रायव्हर फूटपट्टी म्हणतो. त्याला पाच वेळा सांगून झालं. त्याचं एकच, "नकाशाला पूल दिसत नाही." चोराला चोर म्हणायची मला लाज नाही. पण इथे चोरी संगणक करतो, आणि संगणकाच्या कानाखाली काढता येत नाही.

हे मी गिळत होतो. पण गेल्या महिन्यापासून पगाराची चिठ्ठी मोबाइलवर येऊ लागली, तीत रोजच्या फेरीचे किलोमीटर छापलेले. सुट्टीच्या दिवशी बायकोने ती वाचली आणि मोबाइल माझ्यापुढे ठेवला.

"सातला निघता. दोनशे साठ किलोमीटर. तासाला चाळीसच्या वर ट्रक जात नाही, हे तुमचंच म्हणणं. माल चढवा-उतरवायला दीड तास. म्हणजे तीनला घरी. येता सहाला. मधले तीन तास कुठे असता?"

मी हसलो. चुकलंच माझं.

"बाबाही असेच हसले होते," ती म्हणाली.

तिचे वडीलही ट्रकच चालवायचे. वाटेवरच्या एका गावात त्यांचं दुसरं घर निघालं, तेव्हा ही नऊ वर्षांची होती. एवढं एकदा सांगून तिने तो विषय मिटवला होता. लग्नाच्या सतरा वर्षांत पुन्हा काढला नव्हता.

मी पूल सांगितला. वळसा सांगितला. गोदामाच्या फाटकावर तासभर रांगेत उभा असतो, तेही सांगितलं.

"मग कागदावर का नाही?"

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने गुपचूप ताट वाढलं आणि आत जाऊन उशा झटकत बसली. कंपनीने माझ्या पोटावर मारलं ते चाललं, आता ती माझ्या घरात शिरली होती.

दाराशी जाऊन म्हटलं, "उद्या चल माझ्याबरोबर."

"केबिनमध्ये कुणाला बसवायचं नाही असा नियम आहे ना?"

"आहे."

"मग?"

"मग साडेसहाला तयार राहा."

कारखान्याच्या फाटकावरच्या वॉचमनने वर बघितलं आणि मिशीत हसला. "आज माल पुढेच भरला की काय?"

"नाजूक माल आहे, दादा," ही म्हणाली. "खड्डे बघून चालवा म्हणावं ह्यांना."

तोंडाने थट्टा करत होती, पण हात पर्सवर घट्ट आवळलेले. तासाभराने फाटा आला.

"इथून डावीकडे पूल. आपण सरळ जातो."

"दाखवा."

"अगं, आत गेलं की ट्रक वळत नाही. उलटा आणावा लागतो."

"दाखवा म्हटलं ना."

मी स्टेअरिंग डावीकडे कापलं.

पुलाच्या अलीकडे ट्रक थांबवला. ती उतरली आणि पुलाखाली जाऊन उभी राहिली. एकदा ट्रकचं टप बघितलं, एकदा पूल. पाटीवर तीन पॉइंट सहा मीटर. माझा ट्रक चार पॉइंट एक.

"हा जाणारच नाही."

"नाही."

"कधीच गेला नाही?"

"चाकांतली हवा सोडली तरी जायचा नाही."

तिने पदराने तोंड पुसलं आणि ट्रकच्या मागे चालत गेली.

पाऊण किलोमीटर मी ट्रक उलटा आणला, चाळीस मिनिटं लागली. आरशात ती, दोन्ही हात हलवत. "या... या... अहो, डावीकडे! तुमच्या नाही, माझ्या!" मागून एका स्कूटरवाल्याने हॉर्नचा सपाटा लावला. ती त्याच्यासमोर आडवी झाली. "थांबा हो भाऊ, दिसत नाही का? माझा नवरा येतोय!"

चढून बसली तेव्हा अंगभर धूळ होती.

"मी तुम्हाला बाबांच्या रांगेत बसवलं," ती म्हणाली.

"विचारलंस ते बरं केलंस. मनात ठेवून बसली असतीस तर?"

तिने गिअरवरच्या माझ्या हातावर हात ठेवला. तो उचलायला लागू नये म्हणून पुढचे दोन चढ मी एकाच गिअरवर काढले. इंजिन रडत होतं. रडू दे म्हटलं.

परत यायला सात वाजले. मी ट्रक लावेपर्यंत ती ऑफिसात पोहोचलीसुद्धा.

"पूल आहे," ती फूटपट्टीला सांगत होती. "मी बघून आले."

"कशातून बघितलात?"

"ट्रकमधून."

खोटं बोलणं तिला येतच नाही. फूटपट्टीने सुस्कारा टाकला आणि दंडाचं पुस्तक काढलं. वाईट माणूस नाही तो, भित्रा आहे. भित्र्यांच्याच जिवावर हे सगळं चालतं.

"नियम आहे, बाई. माझा इलाज नाही." त्याने लिहिलं: केबिनमध्ये परकी बाई आढळली.

ती टेबलावर वाकली आणि उलटीकडून वाचलं.

"परकी खोडा."

"बाई, दंड तोच राहील."

"राहू दे दंड. तिथे बायको लिहा."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. त्याने शब्द खोडला आणि वर बारीक अक्षरात 'बायको' लिहिलं. तिने ते पुन्हा एकदा वाचून घेतलं.

किलोमीटर त्याने अजून दुरुस्त केलेले नाहीत. दंड दोन दिवसांच्या कमाईचा होता. मी खाली सही ठोकली.