कानतुटी

मी एक म्हातारी गाढवीण आहे. हसलात ना, मित्रांनो? हसा. वर्गात कुणाचे उत्तर चुकले की तुम्ही आमचेच नाव घेता, हे मला ठाऊक आहे. पण मी बावळट नाही. मी सहसा काही विसरत नाही, आणि एका माणसाचे तर काहीच विसरलेले नाही.

माझा जन्म वीटभट्टीवर झाला. अंगात पुरते बळ येण्याआधीच माझ्या पाठीवर विटांच्या गोण्या चढल्या. भट्टीच्या मालकाला लवंग चघळायची सवय होती. तो वास आला की आम्ही सगळ्या कान पाडायचो, कारण वासामागून काठी यायची. एकदा मी ओझ्यासकट खाली बसले. तेव्हा त्याने पत्रा कापायच्या कात्रीने माझ्या डाव्या कानाचा शेंडा उडवला आणि म्हणाला, "आता आळशी कोण ते लांबूनच कळेल." सगळे गडी हसले. त्या दिवसापासून माझे नाव ‘कानतुटी’ पडले.

पुढे माझा एक खूर सडला. मालकाने मला गावाबाहेरच्या कचऱ्याच्या ढिगाऱ्यापाशी नेऊन सोडले. जाताना त्याने मागे वळून पाहिले नाही. मी मात्र त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिले. तेव्हाच मनाशी ठरवले की हा माणूस एकदा माझ्या लाथेच्या टप्प्यात आला पाहिजे.

तिथे एक बाई मोडक्या खुर्च्या शोधायला आली होती. आयुष्यभर दवाखान्यात परिचारिका म्हणून राबलेली, त्यामुळे सगळे तिला सिस्टर म्हणत. खुर्ची राहिली बाजूला, ती मलाच घेऊन घरी गेली. रोज माझा खूर धुवायची, मलम लावायची. कापलेल्या कानावरून बोट फिरवताना तिचे ओठ घट्ट मिटायचे. एकदा ती पुटपुटली, "कोणी केलं हे? सापडू दे मला, चांगला सरळ करते त्याला." मला फार बरे वाटले. आपल्याला जोडीदारीण मिळाली, असे वाटले.

सिस्टरचे घर म्हणजे दोन खोल्या, भिंतीवर एक लाकडी क्रूस आणि परसात भाजीचे वाफे. पावसाचे पाणी पिपात साठायचे, भाजीची साले आणि माझी लीद खत म्हणून वाफ्यांत जायची. बाई थिगळाचा कोट घालायची. तिचा भाऊ यायचा आणि चिडायचा. "ताई, तुला काय कमी आहे गं? जरा बरं राहा की!"

"कमी काहीच नाही, म्हणून तर वाटून टाकते," ती म्हणायची. "हे सगळं प्रभूनं मला सांभाळायला दिलंय, साठवायला नाही."

"आणि ही लंगडी गाढवीणही प्रभूनंच दिली वाटतं?"

"तुझ्यासारखा भाऊ दिला, मग हिला द्यायला त्याला काय जड आहे?"

माझा पाय बरा झाला. मग रोज सकाळी आम्ही बेकरीतून उरलेले पाव घ्यायचो आणि हातगाडीएवढ्या माझ्या गाडीत घालून टेकडीवरच्या वस्तीत वाटायचो. काम हलके होते, वर शाबासकी मिळायची. तरीही गोठ्यात एकटी असले की मी खांबाला लाथा मारायची. सराव सुटू नये म्हणून.

आणि एके सकाळी तो वास आला. फाटकापाशी पाव मागणाऱ्यांत एक वाळलेला म्हातारा उभा होता, गालात लवंग धरून. मुलांनी भट्टी विकली होती आणि बापाला घराबाहेर काढले होते. सिस्टरने त्याला पाव दिला. तो घ्यायला वाकला, ते नेमके माझ्या मागे. मित्रांनो, मी जन्मभराचे बळ त्या एका लाथेत घातले. त्याचे नडगीचे हाड मोडल्याचा आवाज मला आजही गोड वाटतो.

"अगं, काय केलंस हे!" सिस्टर पट्टी घेऊन धावली.

तो विव्हळत होता. त्याची नजर माझ्या कानाकडे गेली. मग तो म्हणाला, "तिला मारू नका, बाई. ही माझ्याच भट्टीवरची. तो कान मीच कापलाय."

सिस्टरच्या हातातली पट्टी तशीच राहिली. ती उठली, माझ्याजवळ आली आणि माझ्या मानेत तोंड खुपसून उभी राहिली. "मलाही वाटतंय त्याला तिथंच पडू द्यावं," ती हळूच म्हणाली. "पण मग आज प्रार्थनेला कुठल्या तोंडानं बसू?" तिने डोळे पुसले आणि त्याच्या पायाला फळी बांधली.

दवाखाना कालव्यापलीकडे होता. त्याला माझ्याच गाडीत घातले. काठाचा रस्ता अरुंद, खाली खोल पाणी. मी थांबले. एक हिसका पुरला असता. त्याला ते कळले. "पाड," तो म्हणाला. "तुझ्या जागी मी असतो तर कधीच पाडलं असतं."

पण सिस्टर गाडीतच बसली होती, त्याचा मोडका पाय मांडीवर धरून. तो वाचला तो तिच्यामुळे, माझ्या दयेमुळे नव्हे. हे स्पष्ट सांगितलेले बरे.

सिस्टरने त्याला स्वतःची खाट दिली आणि ती स्वयंपाकघरात निजू लागली. तो बरा झाला, पण गेला नाही. खत उलथायचा, पाव निवडायचा. माझ्यापुढे गवत टाकायचा. मी गवत खायची आणि हात जवळ आला की चावायची. तो हात झाडायचा, पण काठी त्याने कधी उचलली नाही.

मग सिस्टर तापाने अंथरुणाला खिळली. वस्तीतली माणसे पावाची वाट पाहत असणार. गाडी जुंपायला तोच होता. मी चारही पाय रोवले. खिडकीतून सिस्टरचा खोल गेलेला आवाज आला, "जा गं बाई. त्याच्यासाठी नको, त्यांच्यासाठी जा."

मी गेले. चढ लागला तेव्हा त्याने दोन पोती उतरवून स्वतःच्या खांद्यावर घेतली. त्याचे ओझे लवकर उतरू नये म्हणून मी मुद्दाम पावले आखडली. तो लंगडत, घामाने निथळत माझ्याबरोबर चालत राहिला, आणि मला मनापासून आनंद झाला.

मित्रांनो, मी त्याला माफ केले का, हे मला विचारू नका. आम्हा मुक्या जनावरांना बोलता येत नाही, पण मार कुणाचा ते आम्हाला समजते. आमच्यावर ओझे लादण्याआधी आमच्या पायांकडे पाहा. निकामी झालेल्याला कचऱ्यात टाकू नका, आणि घरात दोन घास जास्त असतील तर दार उघडे ठेवा. सिस्टरने एवढेच केले. तिला त्याचे कष्ट पडले, हेही मी पाहिले आहे.

वस्तीवर शेवटी एकच पाव उरला. त्याने तो मोडला आणि मोठा तुकडा माझ्यापुढे धरला. मी पाव खाल्ला. हाताला चावले नाही. त्या दिवशी तरी.