अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक

मित्रांनो, बसा. ‘बसा’ म्हणायची मला सवयच आहे, कारण मी एक जुनी खुर्ची आहे, केशकर्तनालयातली. आता कोपऱ्यात पडले आहे आणि माझ्यावर ओल्या टॉवेलांचा ढीग असतो. पण एके काळी माझा काय थाट होता! लोखंडी पाय, गर्रकन फिरणारी बैठक, मागे कलणारी पाठ. लहान मुलांसाठी माझ्या हातांवर आडवी फळी टाकत. मुलं भोकाड पसरत आणि आमचे मालक त्यांना गोष्टीत गुंतवून कात्री चालवत.

मोठ्यांनाही त्यांची तीच रीत. वस्तरा गालावर असताना गिऱ्हाइकाने हलू नये म्हणून ते सतत काहीतरी सांगत राहायचे. गिऱ्हाइकाला बिचाऱ्याला तोंड उघडायची सोय नसे. त्यामुळे मालकांना वाटे, आपल्या गोष्टी सगळ्यांना फार आवडतात!

मग तो दिवस आला. सकाळी एक परगावचा माणूस हसतमुखाने माझ्यावर येऊन बसला. त्याची अर्धी दाढी झाली होती, तेवढ्यात रेडिओवरचं गाणं मध्येच थांबलं. बंदराकडे येणारी मोठी प्रवासी बोट बुडाली होती. शेकडो माणसं गेली. साऱ्या देशावर दुःखाचा डोंगर कोसळला. तो माणूस मात्र बातमी संपायच्या आतच फेसासकट उठला आणि पळत सुटला.

पुढे दर वर्षी त्या तारखेला दुकानात एकच विषय निघे : बातमी कळली तेव्हा तू कुठे होतास? शेजारचा शिंपी सांगे, मी काजं करत होतो, सुई बोटात घुसली. पोस्टमन सांगे, मी जिन्यात होतो, तिथेच बसलो. सगळे हळहळत. मग मालक आपलं ठेवणीतलं काढत.

“आणि आमचं गिऱ्हाईक! एक गाल गुळगुळीत, एका गालावर फेस, आणि जी धूम ठोकली! बोट बुडाली तिकडे, पळतोय हा इकडे!”

माणसं पोट धरधरून हसत.

एका वर्षी त्याच सुमाराला छातीपर्यंत दाढी वाढलेला एक म्हातारा आला. “सगळी काढा,” म्हणाला. मालकांनी कात्री चालवली, फेस लावला, वस्तरा धरला आणि रिवाजाप्रमाणे तीच गोष्ट सुरू केली. गळ्याशी वस्तरा, त्याला बोलता येईना. त्याने माझे दोन्ही हात घट्ट आवळले. ते फक्त मला कळलं, आणि मला कुठे बोलता येतं?

वस्तरा पुसायला मालक वळले तेव्हा तो म्हणाला, “तो मीच.”

कुणीच हसलं नाही.

“माझी मुलगी होती त्या बोटीत. आली की गालाला गाल लावायची आणि टोचलं की ओरडायची, ‘बाबा, काटे!’ म्हणून तिला आणायला जाण्याआधी इथे आलो होतो. नंतर दाढी करायची तरी कुणासाठी?”

“मग आज?” मालकांनी कसंबसं विचारलं.

“मुलाला मुलगी झालीय. तिला जवळ घ्यायचंय. म्हटलं, राहिलेलं काम इथेच येऊन पुरं करावं.”

मालक मटकन स्टुलावर बसले. “मला माहीत नव्हतं हो, दादा. इतकी वर्षं तुमच्यावर लोकांना हसवलं मी.”

म्हाताऱ्याने फक्त दुसरा गाल पुढे केला. मालकांनी डोळे पुसले, वस्तरा उचलला आणि जन्मात पहिल्यांदा एकही शब्द न बोलता दाढी केली.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, जपा, असं मागणं मागायला मी आज बोलत नाही. मी गंजायचीच. पण असल्या दिवसाची आठवण निघाली, की आपण कुठे होतो ते सांगण्याआधी समोरच्याला एकदा विचारा, “तुमचं कोण होतं हो तिथे?” आणि त्याला बोलता येईल एवढा वेळ वस्तरा बाजूला ठेवा.