माझ्या डाव्या पायातला खिळा

मित्रांनो, माझ्यावर बसू नका असं तुम्हाला घरच्या बायांनी बजावलंच असेल. नकाच बसू. दोरी कुजली आहे, आपटाल. पण जवळ यायला भिऊ नका. मी चौसाळ्याची एक जुनी बाज. निजामाच्या अमलात या गावानं मला फार बदनाम केलं, आणि त्याचा राग मला अजून येतो. म्हणून ऐका.

तेलगावच्या सुतारानं मला बाभळीच्या लाकडातून घडवलं. आश्रुबा नावाच्या तरण्या शेतकऱ्यानं मला गाडीत घालून आणलं आणि अंबाडीच्या दोरीनं स्वतःच्या हातानं विणलं. त्याची बायको केशरबाई पहिलटकरीण होती. विणताना ती समोर बसून खोड्या काढायची. "पायथा ढिल्ला राहिलाय. मला पाडायचा इचार हाय का?" असं म्हणायची, आणि तो हसत हसत पुन्हा दोरी ओढायचा. एवढे लाड झालेली बाज गावात दुसरी नसेल.

त्याच पायथ्याशी पाय घासत ती गेली. बाळंतपण अडलं होतं. ती सारखी पाणी मागत होती, आणि अडलेल्या बाईला पाणी दिलं तर वारं धरतं अशी भोवतीच्या बायांची समजूत होती. त्यांनी दिलं नाही. तिन्हीसांजेला तिनं शेवटचं पाणी मागितलं आणि ती गेली. पोटातलं लेकरूही गेलं.

बाळंतपणात मेलेली बाई अलवंतीण होऊन परत येते, असं तेव्हा सगळे मानत. मसणवट्याच्या वाटेवर राळे फेकले, म्हणजे ती दाणे वेचत बसेल आणि घरापर्यंत पोचणार नाही. आणि पोचलीच तर तिनं गावात फिरू नये, जागच्या जागी बांधलेलं राहावं, म्हणून माझ्या पायथ्याच्या डाव्या पायात लोखंडी खिळा ठोकला. तो आश्रुबाच्याच हातून ठोकून घेतला. प्रत्येक घावाला तो रडत होता, पण ठोकत होता. मग दार ओढून तो भावाच्या घरी राहायला गेला.

आता खरं सांगते. ती आली.

राळ्यांचं काही चाललं नाही. रोज दिवस मावळला की माझा पायथा खाली दबायचा. अंधाऱ्या घरात दोघीच, मी आणि ती. ती पाणी मागायची. आवाज नव्हता त्याला, पण मला कळायचं. मी बाज, मी कुठून पाणी देणार? मी आपली कर्र वाजायची. तेवढंच येतं मला. घरामागच्या वाटेनं जाणाऱ्या बाया तो आवाज ऐकून घागरी सावरत पळत सुटायच्या. तिला त्यांच्या मागं जावंसं वाटायचं, पण खिळा सोडत नव्हता. माझा तो पाय रात्रभर ठणकायचा.

असे किती पावसाळे गेले, ते मी मोजले नाहीत. मग मुक्ताबाई आली.

ही आष्टीकडची तरणी विधवा. हैदराबादेत सरकारी दवाखान्यात दाईचं काम शिकली आणि तिची पहिली नेमणूक आमच्या गावात झाली. पण मुद्दत फक्त उन्हाळा संपेपर्यंतची. तोवर बाया तिच्याकडे आल्या नाहीत तर जागा मोडणार, आणि जागा मोडली की आष्टीला दिराच्या दारात परत जायचं. तिथं ती सगळ्यांच्या नंतर जेवायची आणि सगळ्यांच्या आधी उठायची. म्हणून गावात बिऱ्हाड कुठं करायचं, यावर तिचं सगळं आयुष्य अडलं होतं.

गहिनीनाथ पाटलांनी तिला आपल्या वाड्याच्या दारातल्या ढेलजेशेजारची खोली देऊ केली होती. पक्क्या भिंती, दारात राखणीला माणूस. एकट्या बाईला आणखी काय पाहिजे? पण ती ऐकेना, तेव्हा पाटील तिला आमच्या दारात घेऊन आले. त्यांचं बोलणं मी आतून ऐकलं.

"खोली चांगली हाय, पाटील," ती म्हणाली. "पर ढेलजेत दिवसभर पुरुष बसत्यात. त्यांच्यासमोरून कोणती पोटुशी बाई माझ्याकडं येईल? या घराचं मागलं दार ओढ्याच्या वाटंवर उघडतं. गावातल्या समद्या बाया तिकडून पाण्याला जात्यात."

"त्या हितनं पळत जात्यात," पाटील म्हणाले. "या घरात माणूस राहत न्हाई, बाई."

"कावून?"

"आश्रुबाची केशर हाय इथं."

"हाय तर हाय," ती म्हणाली. "बाईच हाय ना?"

शिकलेली होती म्हणून ती भ्याली नाही, असं मी खोटं सांगणार नाही. पहिल्याच संध्याकाळी ती दिवा लावत होती आणि माझा पायथा कर्र वाजला. तिच्या हातातली काडी खाली पडली. अंधारात मला तिचा श्वास ऐकू येत होता. मग ती हळू म्हणाली, "मला दुसरीकडं जागा न्हाई, बाई. तू पायथ्याला राहा, मी उशाला राहते."

निजायच्या आधी तिनं स्वतःसाठी तांब्याभर पाणी पायथ्याशी ठेवलं. त्या रात्री मी वाजले नाही. सकाळी तांब्या जसाच्या तसा भरलेला होता, पण माझा पाय ठणकत नव्हता. मुक्ताबाईनं काय ओळखलं कोण जाणे, ती मग रोज तिथं पाणी ठेवू लागली.

घर जिवंत झालं, पण बाया काही येईनात. ज्वारी निघाली, उन्हं तापायला लागली. मागचं दार सताड उघडं ठेवून ती बसायची आणि बाया तोंड फिरवून जायच्या. शेजारची साखराबाई तेवढी उंबऱ्याबाहेर उभी राहून बोलायची. "पाटलाची खोली घ्या, दाईबाई. हितं कुणी यायचं न्हाई. केशरच्या येळंला मीच उशाशी हुते. मला ठावं हाय." एवढं म्हणून ती घाईनं निघून जायची. शेवटी मुक्ताबाईनं आपली दोन लुगडी माझ्यावर ठेवून गाठोडं बांधायला घेतलं.

त्याच दुपारी मागच्या दारातून दिवस भरलेली एक पोर आत आली. ती छबुबाई, आश्रुबाची दुसरी बायको. तिच्या गळ्यात सवतीचा चांदीचा टाक होता. पहिली बायको मेली की दुसरीच्या गळ्यात तिचा टाक घालायची रीत असते, म्हणजे मेलेली रागावत नाही. छबुबाईनं तो मुठीत घट्ट धरला होता.

"ती हाय का हितं?" तिनं विचारलं.

"हाय बहुतेक."

"तिला इचारा, माझ्यावर राग हाय का."

"तूच विचार की," मुक्ताबाई म्हणाली. "मी पण तिच्याच घरात राहते."

छबुबाई माझ्या पायथ्याशी टेकली. "आक्का, मी तुझं काय हिसकून घेतलं न्हाई गं," ती रिकाम्या जागेला म्हणाली आणि रडायला लागली. मग तिला तहान लागली. मुक्ताबाईनं तांब्या पुढं केला. दिवस भरलेल्या बाईला कुणी न विचारता पोटभर पाणी देतं, याचंच तिला नवल वाटलं. मुक्ताबाईनं गाठोडं सोडलं.

वेणा सुरू झाल्या त्या दिवशी छबुबाई घरातून उठून ओढ्याच्या वाटेनं आपल्या पायांनी आली आणि माझ्यावर आडवी झाली. मागोमाग आश्रुबा आणि साखराबाई धावत आले. तिन्हीसांज झाली होती.

"छबू, घरी चल," आश्रुबा उंबऱ्यातून म्हणाला. "हितं माझी एक गेली हाय."

"घरी मला पाणी बी देणार न्हाईत."

तेवढ्यात माझा पायथा दबला. मी वाजले. साखराबाईनं भिंत धरली. "आली. ती आली," ती पुटपुटली. छबुबाईचं अंग ताठ झालं, ओठ पांढरे पडले आणि कळा थांबल्या. मुक्ताबाईनं तिच्या पोटावर हात ठेवला.

"तिला बांधून घातलंय," छबुबाई दात आवळून म्हणाली. "तिला बांधून तिच्यासमोर मी बाळंत हू का? काढा तो खिळा."

"काढला तर ती मोकळी व्हईल," आश्रुबा म्हणाला.

"दादा," मुक्ताबाई म्हणाली, "भ्यालेल्या अंगाला कळा येत न्हाईत. ही पण जाईल. तुमीच ठोकलाय ना? तुमीच काढा."

बाळंतिणीजवळ पुरुषानं जायचं नाही, पण तो आला. माझ्या पायाशी गुडघे टेकून विळ्याच्या टोकानं गंजलेला खिळा उकरू लागला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या लाकडावर पडत होतं. "केशर, तू पाणी मागत हुतीस अन् मी भाईर बसून ऐकत हुतो," तो म्हणाला. "मला आत याला पायजे हुतं." खिळा निघाला. तो घेऊन आश्रुबा बाहेर गेला.

मग साखराबाईनं जे केलं ते मी विसरणार नाही. ती उंबरा ओलांडून आत आली, घागरीतून तांब्या भरला आणि पायथ्याशी टेकवला. "घे माय," ती रिकाम्या जागेला म्हणाली. "तवा आमी दिलं न्हाई." नंतर पेल्यात घेऊन तिनं छबुबाईला पाजलं.

अंधार पूर्ण पडायच्या आत पोर जन्मली आणि रडली. त्या रडण्याबरोबर माझा पायथा हलका झाला, अगदी रिकामा. केशरबाई गेली होती. मला आनंद व्हायला हवा होता ना? मला एकटं वाटलं, मित्रांनो. इतकी वर्षं माझ्याजवळ दुसरं कोण होतं?

मागच्या दारातून बाया येऊ लागल्या. मुक्ताबाईची जागा मोडली नाही. दिराच्या दारात ती परत गेली नाही. पुढची बाई बाळंत व्हायला आली तेव्हा कळा वाढल्या, ती किंचाळली, आणि माझा पायथा हळूच दबला. आता केशरबाईला कुणी बांधलेलं नव्हतं. ती आपणहून आली होती. लेकरू रडलं तशी निघून गेली. त्यानंतर माझ्यावर जेवढ्या बाया बाळंत झाल्या, त्या प्रत्येकीच्या पायथ्याशी ती बसली.

मुक्ताबाई याच घरात म्हातारी झाली आणि माझ्यावरच गेली. आता मी या कोपऱ्यात धूळ खात पडले आहे. तुम्ही नवी दोरी विणलीत तर मला बरं वाटेल. मोडलेला पाय बसवा, वाळवी झाडा. पण डाव्या पायातलं खिळ्याचं भोक बुजवू नका. आणि कुणाच्या घरात कुणी दुःखानं मेलं, तर त्या माणसाला भिऊन खिळे ठोकू नका. त्याला काय हवं होतं ते आधी आठवा.

तिन्हीसांज झाली, घरी जा. जाताना तेवढा तांब्या भरून माझ्या पायथ्याशी ठेवा. हल्ली दोघी येतात, एक पायथ्याला, एक उशाला.