नबीलालचाचांची दुमडलेली कार्डं

टक्. दौतीच्या काठावर टाक आपटला आणि दुपारची निजलेली खोली दचकली. गुलबानोनं पटकन गोधडीकडं पाहिलं. चार वर्षांची सकिना कूस बदलून पुन्हा झोपली.

मित्रांनो, गुलबानोच्या मांडीशी ठेवलेला सागवानी खण म्हणजे मी. मी एक जुना कार्डांचा खण आहे. धाराशिवच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, तिचे सासरे नबीलालचाचा स्टोअर सांभाळत. यंत्राच्या प्रत्येक सुट्या भागाचं एक कार्ड माझ्या पोटात असे. नग किती, कुठल्या फळीवर, सगळं उर्दूत. यंत्र थांबलं की मिस्त्री बंडप्पा धावत यायचा. चाचा दोन बोटांनी कार्ड उचलायचे, की वस्तू हातात. "चाचीनं बाजारातनं काय आणाय सांगितलं ते इसरतात," बंडप्पा म्हणायचा, "पन कुठला बोल्ट कुठं, ते न्हाय."

निजामाचं राज्य गेलं. पुढं जिल्हा मुंबई राज्यात आला आणि जिनाचा कारभार मराठीत होऊ लागला. नवे मॅनेजर बब्रुवानराव म्हणाले, दिवाळीच्या आत कार्डं मराठीत करा, नाहीतर स्टोअर दुसऱ्याकडं द्यावं लागेल. चाचांना मराठी बोलता येई, लिहिता येत नव्हतं. सून मात्र मराठी चौथी शिकलेली, घरी उर्दूही वाचणारी. चाचांनी मला घरी आणलं.

लेक झोपली की गुलबानो लिहायला बसे. लेकीची वेणी घालावी तसं एकेक अक्षर हळुवार. काही जुन्या कार्डांचे कोपरे दुमडलेले होते. वापरून दुमडले असतील, असं तिला वाटलं. नवी कार्डं तिनं सरळ, करकरीत ठेवली आणि दिवाळीआधी मी पुन्हा जिनात गेलो.

ऐन हंगामात यंत्राचा पट्टा तुटला. स्टोअरमध्ये दुसरा नव्हता. चार दिवस जिन बंद. माल संपत आला की चाचा कार्डाचा कोपरा दुमडत आणि दुमडलेले कोपरे बघून सोलापूरहून माल मागवत. ही खूण त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. नव्या कार्डांत एकही कोपरा दुमडलेला नव्हता, म्हणून पट्टा मागवलाच गेला नाही.

गुलबानो रडत म्हणाली, "चूक माझी हाय, अब्बा."

"न्हाय बेटी. म्या कवा सांगितलंच न्हाय."

चाचांना वाटलं, गेली नोकरी. पण बब्रुवानराव रागावले नाहीत. डोक्यात आहे ते सगळं कार्डावर उतरवा, म्हणाले. मग चाचा सांगत गेले, गुलबानो लिहीत गेली. किती नग उरले की मागवायचं, कुणाकडून, कुठला बोल्ट कशाच्या जागी चालतो. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत जिन एक दिवसही अडलं नाही. मॅनेजरांनी माझ्यावर शाबासकीची थाप दिली. मी किती सुखावलो म्हणून सांगू!

पुढच्या दिवाळीत कार्डं नव्या लोखंडी कपाटात गेली. "आता कार्डं बघून कुणीही स्टोअर चालवील," मॅनेजर चाचांना म्हणाले. "तुम्ही आराम करा." चाचा घरी आले. मलाही बरोबर घेऊन आले, रिकामा.

आता माझ्यात सुई-दोरा असतो. मित्रांनो, मला कधीमधी पुसलंत तरी पुष्कळ आहे. पण ज्याच्याजवळचं सगळं तुम्ही लिहून घेतलं, त्या माणसाजवळ त्यानंतरही घटकाभर बसत जा.

परवा चाचा ओसरीत बसले होते, सकाळपासून कुणाची वाट बघावी तसे. गुलबानो सुई ओवत होती. सकिना तिच्या गुडघ्याशी आली नि हळूच म्हणाली,

"अम्मी, दादामियाँला येत हुतं ते समदं तू लिवलंस, म्हणून त्येनला घरी पाठवलं का?"